थंडरबर्ड ५०० साठी कमी आवाजाचा आणि खालच्या फेऱ्यांत ओढणारा कॅम कसा निवडावा?

सापनकाठ (अचलपूर तालुका)

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझ्याकडे २०१४ सालची रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ५०० मोटारसायकल आहे. चार वर्षांपूर्वी ती मी वापरलेली विकत घेतली आणि आता तिचे ५२,००० किलोमीटर पूर्ण झाले आहेत. संत्र्याचा आंबिया बहार तुटला की दरवर्षी मी आणि पत्नी आठ-दहा दिवसांचा एक प्रवास करतो. मागच्या खेपेस चंद्रपूर, आलापल्ली करत भामरागडपर्यंत जाऊन आलो. एरवी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट आणि सेमाडोहवरून धारणीचा रस्ता हे आमचे नेहमीचे रस्ते आहेत. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नसल्यामुळे लांबचा प्रवासही जुन्या, गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांनीच होतो आणि वेग ताशी ८० च्या पुढे क्वचितच जातो.

अडचण अशी आहे की डबलसीट आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा असताना इंजिनाच्या मिनिटाला २५०० ते ३२०० फेऱ्यांच्या दरम्यान गाडी पाहिजे तशी ओढत नाही. घाटात तिसऱ्या गिअरवर वळण घेतले की वळणातून बाहेर पडताना इंजिन दम टाकते, दुसरा टाकला की ते ओरडू लागते. ४००० च्या पुढे गाडी उत्तम पळते, परंतु मला तिथे गाडी चालवायचीच नाही.

दुसरी अट आवाजाची आहे आणि ती माझ्यासाठी पहिल्या अटीइतकीच महत्त्वाची आहे. आमच्याकडे शेतीपंपाची थ्री-फेज वीज बऱ्याचदा रात्री येते. ओलीत करायला मला रात्री एक-दोन वाजता याच गाडीवर निघावे लागते. आमची गल्ली अरुंद आहे, घरे एकमेकांना लागून आहेत, आणि उन्हाळ्यात लोक अंगणात बाजा टाकून झोपलेले असतात. सध्याच इंजिनाच्या उजव्या बाजूने एक बारीक टकटक येते. नवीन कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा फिरता भाग) बसवून ती वाढली तर मला ते अजिबात चालणार नाही.

माझ्या मिस्त्रींनी तीन मार्ग सांगितले आहेत. एक, जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उंच उचलणारा रेसिंग कॅम आणि त्यासोबत व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगा. दोन, मूळ कॅमच खरादीवर घासून त्याचा आकार बदलून घेणे. तीन, टूरिंगसाठी म्हणून विकला जाणारा सौम्य कॅम मागवणे. विक्रेत्याला विचारले तर तो फक्त लिफ्टचा आकडा सांगतो आणि पिकअप वाढेल एवढेच म्हणतो. कोणते आकडे मागावेत, त्यांचा अर्थ कसा लावावा, आणि स्प्रिंगा व ईसीयू (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) बदलावे लागतील का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

धामकाठ (वर्धा जिल्हा)

सापनकाठ भाऊ, नमस्कार. माझे छोटे गॅरेज आहे आणि या ५०० च्या इंजिनावर मी बरीच वर्षे काम करतो आहे. तुमचा प्रश्न नेमका असल्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

तुमच्या इंजिनाचा बोअर ८४ मिलीमीटर आणि स्ट्रोक ९० मिलीमीटर आहे, कॉम्प्रेशन ८.५ आहे, आणि कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ४१.३ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० फेऱ्यांना मिळतो. म्हणजे मुळात हे इंजिन खालच्या फेऱ्यांसाठीच घडवलेले आहे आणि त्याचा मूळ कॅमही सौम्यच आहे. त्यामुळे बाजारातला जवळजवळ प्रत्येक जास्तीचा कॅम टॉर्क वरच्या फेऱ्यांकडे सरकवतो. तुम्हाला उलटी दिशा हवी आहे.

कॅमच्या आकड्यांपैकी तुमच्या कामाचा सर्वांत मोठा आकडा लिफ्टचा नाही. इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारा) पिस्टन खालच्या टोकाला पोचल्यानंतर क्रँक (पिस्टनला जोडलेला इंजिनाचा मुख्य दांडा) किती अंश फिरल्यावर बंद होतो, हा तो आकडा आहे. तुम्ही बागायतदार आहात म्हणून विहिरीवरचे उदाहरण देतो. मोटर बंद केल्यावर फूटव्हॉल्व्ह उशिरा बसला तर पाइपात चढलेले पाणी परत विहिरीत उतरते. इंजिनातही तसेच घडते. पिस्टन खालून वर चढू लागतो तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह अजून थोडा उघडा असतो. फेरे जास्त असतील तर आत येणाऱ्या हवेला इतका वेग असतो की पिस्टन वर येत असतानाही ती आत शिरतच राहते, म्हणून उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह तिथे फायद्याचा ठरतो. परंतु २५०० फेऱ्यांना हवेला तो जोर नसतो, आणि आत घेतलेल्या मिश्रणाचा काही भाग पिस्टन स्वतःच परत इनटेकमध्ये ढकलून देतो. घाटात तुम्हाला जाणवणारी ओढीची कमतरता इथे ठरते.

आता दोन काल्पनिक कॅम शेजारी ठेवून पाहा. पहिल्याचा इनटेक वरच्या टोकाआधी २० अंशांवर उघडतो आणि खालच्या टोकानंतर ५० अंशांवर मिटतो. मधले १८० अंश धरून त्याचा एकूण कालावधी २५० अंश झाला. त्याचा एक्झॉस्ट खालच्या टोकाआधी ५५ वर उघडून वरच्या टोकानंतर १५ वर मिटतो, तेही २५० च. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, २० अधिक १५ असा ३५ अंश आला. दुसऱ्या कॅमचा इनटेक ३२ वर उघडून ६८ वर मिटतो आणि एक्झॉस्ट ७० वर उघडून ३० वर मिटतो. दोघांचा कालावधी २८० अंश आणि ओव्हरलॅप ६२. गंमत अशी की दोन्ही कॅमचे लोब सेपरेशन (कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांच्या, म्हणजे लोबच्या, टोकांमधला कोन) काढले तर १०७.५ आणि १०९ येते, म्हणजे जवळजवळ सारखेच. त्यामुळे कोणी फक्त तो एक आकडा दाखवून हा टॉर्कचा कॅम आहे असे सांगत असेल तर मान्य करू नका. तुम्हाला पहिल्यासारखा कॅम हवा आहे, दुसरा नको.

आकडे मागताना ते किती लिफ्टवर मोजले आहेत हेही विचारा. काही जण व्हॉल्व्ह जागेवरून जेमतेम हलल्यापासून मोजतात, काही जण टॅपेट (कॅमवर टेकून त्याची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणारा भाग) १.२७ मिलीमीटर उचलल्यापासून मोजतात. एकाच कॅमच्या कालावधीत या दोन पद्धतींमुळे ३० ते ४० अंशांचा फरक सहज दिसतो. मूळ कॅमचे आकडे एका पद्धतीने आणि नव्याचे दुसऱ्या पद्धतीने लावले तर लांब कॅमही आखूड भासतो, आणि ग्राहक इथेच फसतो.

आवाजाचे कारणही कॅमच्या आकारातच दडलेले असते. व्हॉल्व्ह किती उंच उचलला यापेक्षा तो सीटवर किती वेगाने टेकवला यावर खटका अवलंबून असतो. कॅमच्या उताराच्या शेवटी एक संथ टप्पा दिलेला असतो. तो लांब असेल तर व्हॉल्व्ह हळुवार बसतो, आखूड असेल तर आपटतो. कमी कालावधीत जास्त लिफ्ट मिळवायची म्हटले की लोबच्या बाजू उभ्या कराव्या लागतात आणि हा संथ टप्पा कापला जातो. मग त्या तीव्र हालचालीला धरून ठेवण्यासाठी कडक स्प्रिंगा लागतात, कडक स्प्रिंगांमुळे कॅम गिअरवर भार वाढतो, आणि गिअरचाही आवाज येऊ लागतो. म्हणून तुमच्या मिस्त्रींनी सांगितलेला पहिला मार्ग दोन्ही अटींवर नापास होतो. मूळ स्प्रिंगांवर चालेल एवढ्याच लिफ्टचा कॅम घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वैनगंगा_पवनी (भंडारा जिल्हा)

वरील मताला माझ्या अनुभवाची जोड देतो. माझ्याकडेही हेच ५०० चे इंजिन आहे. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील गॅरेजमध्ये मी जास्त लिफ्टचे दोन्ही कॅम आणि कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या. बसवणाऱ्याने मला आकड्यांचा कागद दिला नाही, आणि मीही मागितला नाही.

रिकाम्या रस्त्यावर ४५०० च्या पुढे गाडी खरोखर जोरात जात असे, आणि पहिले दोन महिने मी फार समाधानी होतो. मात्र मुलाला मागे बसवून नवेगावबांधकडे जाताना माझ्या लक्षात आले की ज्या चढावर पूर्वी चौथा गिअर पुरत असे तिथे आता तिसरा लागतो आहे. थांबलेल्या गाडीचे इंजिन एका लयीत न चालता मध्येच अडखळत असे. आवाज तर असा होता की आमच्या घरासमोरच्या आजी मला विचारत, गाडीत काही सुटे झाले आहे का. सुमारे ९,००० किलोमीटरनंतर टायमिंग कव्हर उघडले तेव्हा एक्झॉस्ट लोबच्या टोकावर बोटाच्या नखाला लागतील असे बारीक खड्डे पडलेले होते. टॅपेटच्या पृष्ठभागाचीही तीच अवस्था होती, आणि ऑइल काढल्यावर ते उन्हात धरले तर त्यात चांदीसारखी चकाकी दिसत होती.

शेवटी मी मूळ भागच नवीन आणून बसवले. त्यानंतर गाडी पूर्ववत शांत झाली आणि चढावर चौथा गिअर पुन्हा पुरू लागला. ज्यांना डबलसीट आणि सामानासह प्रवास करायचा आहे, त्यांनी कागदावरील आकडे हातात आल्याशिवाय एकही रुपया देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अडाणकाठचे काका (दारव्हा)

मी एसटीच्या कार्यशाळेत ३० वर्षे इंजिने बांधली, आता निवृत्त आहे. मोटारसायकलचा मी तज्ज्ञ नाही, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली गोष्ट कॅम घासून घेण्याची. घासताना लोबचे टोक वाढवता येत नाही, कारण धातू घालता येत नाही, फक्त काढता येतो. म्हणून कारागीर लोबच्या मागची गोल बाजू कमी करतो आणि टोक व पाठ यांच्यातला फरक वाढवतो. तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरणारे) आहेत आणि पुशरॉडची (टॅपेटची हालचाल वर हेडमध्ये पोचवणाऱ्या दांडीची) लांबी कमी-जास्त करण्याची सोय नाही. समजा पाठ ०.८ मिलीमीटरने कमी झाली, तर टॅपेट तितकाच खाली बसेल आणि त्याच्या आतील दट्ट्यावर जो दाब राखलेला असतो तो तितका घटेल. हायड्रॉलिक टॅपेट ही उणीव काही प्रमाणात भरून काढतो, पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की टकटक कायमची घरात येते. त्याशिवाय कॅमचा कडकपणा फक्त वरच्या पातळ थरात असतो. तो थर घासला गेला की खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि वैनगंगा यांनी सांगितलेले खड्डे मग दूर नसतात. लांबीने मोजलेले नवे पुशरॉड आणि घासल्यानंतर पुन्हा कडक करण्याची प्रक्रिया या दोन्हींची हमी मिळत नसेल तर हा मार्ग सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट, सध्याची टकटक नेमकी कशाची आहे हे आधी शोधा. आजाराचे निदान न करता नवीन कॅम बसवला तर जुना आवाज नव्या कॅमच्या नावावर जमा होतो. लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या, त्याचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर ठेवा, आणि टायमिंग कव्हर, हेड, बॅरल अशा जागा एकेक करून ऐका. थंड इंजिनावर काही सेकंद येऊन थांबणारी टकटक बहुधा टॅपेटमध्ये ऑइल भरण्याची असते आणि ती चिंतेची नसते. गरम झाल्यावर कमी होणारा जाड आवाज पिस्टनचा असू शकतो. पण गरम झाल्यावरही तशीच राहणारी, थ्रॉटल दिला की वाढणारी बारीक टकटक अनेकदा कॅमची नसतेच. सायलेन्सरचा पाइप हेडला जिथे जोडला जातो तिथून वायू गळत असतो आणि त्याचा आवाज हुबेहूब टॅपेटसारखा येतो. गाडी थंड असताना सुरू करून त्या जोडाभोवती साबणाचे पाणी शिंपडा. बुडबुडे आले तर उत्तर मिळाले.

चिखली_३५० (बुलढाणा जिल्हा)

माझ्याकडे जुन्या पद्धतीचे ३५० चे इंजिन आहे, म्हणजे ज्याचे मूळ आकडे ४००० फेऱ्यांना २८ न्यूटन-मीटर असे आहेत. हाच सल्ला त्यालाही लागू होतो का? आणि कॅमऐवजी चेन फिरवणारी पुढची चक्री एका दाताने कमी केली तर काम भागेल का?

धामकाठ (वर्धा जिल्हा)

चिखली भाऊ, तुमच्या ३५० लाही हाच विचार लागू होतो. रचना त्याच घराण्याची आहे, बोअर तेवढा ७० मिलीमीटर आहे.

चक्रीचा प्रश्न फार चांगला विचारलात, कारण हिशेब केला तर कॅमचे खरे वजन कळते. पुढची चक्री १८ दातांची असेल आणि तिच्या जागी १७ ची बसवली तर चाकावर पोचणारी ओढ सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. इंजिन त्या क्षणी ४० न्यूटन-मीटरच्या आसपास देत असेल तर हे ६ टक्के म्हणजे कॅमने सुमारे २.४ न्यूटन-मीटर वाढवून दिल्यासारखे आहे. सौम्य कॅमने खालच्या फेऱ्यांत एवढी वाढ मिळाली तर मी ते उत्तम काम समजेन. २ न्यूटन-मीटरची वाढ ३००० फेऱ्यांना मिळाली तर शक्तीच्या भाषेत ती ०.६३ किलोवॅट होते, म्हणजे एक अश्वशक्तीही नाही. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की कॅमकडून चमत्काराची अपेक्षा राहत नाही.

चक्रीची किंमत मात्र सपाट रस्त्यावर मोजावी लागते. त्याच वेगाला फेरे ६ टक्क्यांनी वाढतात, म्हणजे जिथे ३००० असत तिथे ३१८० होतील, आणि दिवसभराच्या प्रवासात ते कानाला आणि हाताला जाणवते. ज्याचा बहुतेक प्रवास घाटाचा आहे त्याने आधी चक्री बदलावी. ज्याला सपाट रस्त्यावर शांत चालायचे आहे आणि फक्त मधल्या फेऱ्यांत थोडी जास्त भरवशाची ओढ हवी आहे, त्याच्यासाठी कॅमचा विचार योग्य आहे.

अडाणकाठच्या काकांनी टकटकीबद्दल जे लिहिले आहे ते प्रत्येकाने उतरवून घ्यावे असे आहे. माझ्याकडे कॅम बदलायला आलेल्या कितीतरी गाड्या सायलेन्सरच्या जोडाचे वॉशर बदलून परत गेल्या आहेत.

सापनकाठ (अचलपूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे गेल्या चार दिवसांत मी गाडीवर बसून नव्हे तर गाडीजवळ बसून काम केले.

साबणाच्या पाण्याने सायलेन्सरच्या जोडावर खरोखरच बुडबुडे आले. दोन नटांपैकी मागचा नट हाताने फिरेल इतका सैल होता आणि आतले वॉशर एका बाजूने काळे पडून चपटे झाले होते. नवीन वॉशर टाकल्यावर आवाजातला मोठा भाग गेला. ऑइल १५-डब्ल्यू-५० चेच आहे, पण पातळी काचेवर खालच्या खुणेला टेकलेली होती, ती भरून घेतली. मागचे चाक उचलून फिरवले तेव्हा ब्रेक किंचित घासत होता, तोही मोकळा केला. रविवारी पत्नीसह घाट चढून आलो. तिसऱ्या गिअरवर गाडी पूर्वीपेक्षा निश्चितच हलकी वाटली, आणि मोथ्याच्या चढावर पहिल्यांदाच मला दुसरा टाकावा लागला नाही.

तरीही कॅमचा विचार मी सोडलेला नाही, कारण २५०० च्या आसपास अजूनही थोडी पोकळी जाणवते. टूरिंग कॅमच्या विक्रेत्याला मी लेखी आकडे मागितले आणि त्याने ते पाठवले. १.२७ मिलीमीटरवर मोजलेला त्याचा इनटेक कालावधी मूळ कॅमपेक्षा आखूड आहे आणि मिटण्याचा बिंदू ८ अंश आधी आहे. माझे प्रश्न असे आहेत. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळे असतात, तर मी फक्त इनटेकचाच बदलू शकतो का? इनटेक लवकर मिटला तर आमच्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोके देण्याचा) त्रास होईल का? आणि ईसीयूचे काय?

धामकाठ (वर्धा जिल्हा)

तुम्ही आकडे लेखी मिळवलेत हे ऐकून आनंद झाला. आता एकेक प्रश्न घेतो.

होय, या इंजिनात दोन स्वतंत्र कॅम आहेत आणि प्रत्येकाचा गिअर वेगळा आहे, त्यामुळे फक्त इनटेकचा बदलणे शक्य आहे. तुमच्या गरजेसाठी मी तेच सुचवीन. त्यामागे एक ठोस कारण आहे. एक्झॉस्टच्या कॅमवर ऑटो-डिकॉम्प्रेसर असतो. इंजिन सुरू होताना तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून दाब कमी करतो आणि फेरे वाढले की त्याचे वजन बाहेर फेकले जाऊन तो बाजूला होतो. बाहेरच्या काही एक्झॉस्ट कॅमवर ही यंत्रणा नसते किंवा जुन्या कॅमवरून काढून बसवावी लागते. ती नसेल तर सेल्फ मारताना पूर्ण दाब सोसावा लागतो आणि सेल्फच्या स्प्रॅग क्लचवर (सेल्फची मोटर इंजिनाला एकाच दिशेने जोडणाऱ्या भागावर) ताण येतो. हा भाग आधीच नाजूक आहे आणि रात्री दोन वाजता शेताच्या बांधावर तो गेला तर फार गैरसोय होईल. मूळ एक्झॉस्ट कॅम शाबूत असेल तर त्याला हात लावू नका.

नॉकिंगची तुमची शंका योग्य आहे. इनटेक लवकर मिटला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण अडकते आणि प्रत्यक्ष दाब वाढतो. ८.५ च्या कॉम्प्रेशनवर ८ अंशांच्या फरकाने संकट येईल असे मला वाटत नाही, पण दोन गोष्टी पाहाव्या लागतील. हेड उतरवणार असाल तर पिस्टनवरचा आणि हेडमधला कार्बन साफ करून घ्या, कारण साचलेला कार्बन जागा अडवून कॉम्प्रेशन वाढवतो आणि स्वतः लाल होऊन मिश्रण वेळेआधी पेटवतो. आणि भर उन्हात घाट चढताना पाचव्या गिअरवर २००० फेऱ्यांना पूर्ण थ्रॉटल देऊ नका. टॉर्कचा कॅम आहे म्हणून इंजिनाला खाली दाबून चालवण्याची सवय लागते, ती नॉकिंगला आमंत्रण देते.

ईसीयूबद्दल सांगायचे तर, आखूड कालावधी आणि कमी ओव्हरलॅप असलेल्या कॅमने फारसा गोंधळ होत नाही. लांब ओव्हरलॅपमध्ये ताजी हवा सरळ सायलेन्सरमध्ये निसटते आणि तिथला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) आहे असे समजून जास्त पेट्रोल टाकायला सांगतो. तुमच्या बाबतीत तो धोका कमी आहे. मात्र आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे तेवढेच इंधन टाकले तरी मिश्रण थोडे पातळ पडते. संथ चालीत सेन्सर ते सावरून घेतो, पण मोठ्या थ्रॉटलवर ईसीयू स्वतःच्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो. म्हणून कॅम बसवल्यानंतर एकदा घाट चढून, इंजिन लगेच बंद करून, प्लग काढून पाहा. तो फिकट विटकरी रंगाचा असेल तर काळजी नाही. पांढरा आणि कोरडा दिसला तर ईसीयूचा विचार करावा लागेल.

बसवताना गिअरवरच्या खुणा जुळल्या म्हणजे काम झाले असे समजू नका. समजा कॅम गिअरला ५० दात असतील, तर एक दात चुकला की कॅम ७.२ अंश आणि क्रँक १४.४ अंश सरकतो. तुम्ही ज्या ८ अंशांसाठी पैसे देत आहात त्याच्या जवळजवळ दुप्पट चूक एका दाताने होते. क्रँकला अंशांची चकती लावा, पिस्टनचे वरचे टोक स्टॉपर लावून नेमके शोधा, टॅपेटवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळ) ठेवा, आणि इंजिन हाताने फिरवून १.२७ मिलीमीटरवर व्हॉल्व्ह कधी उघडतो व कधी मिटतो ते लिहून घ्या. तेच मोजमाप आधी जुन्या कॅमवर करा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की विक्रेत्याचे ८ अंश खरे आहेत की नाही हे तुम्हालाच दिसेल. मोजमाप दोन वेळा करा आणि दोन्ही वेळा इंजिन चालते त्याच दिशेने फिरवा. उलटे फिरवले तर गिअरमधली फट आकड्यात मिसळते.

अडाणकाठचे काका (दारव्हा)

एक पुरवणी जोडतो. कॅम बदलण्याआधी कॉम्प्रेशन गेज लावून आकडा घेण्याचा मोह होईल. धामकाठ यांनी सांगितलेल्या डिकॉम्प्रेसरमुळे सेल्फवर फिरवून घेतलेला तो आकडा कमी येतो, आणि चांगले इंजिनही आजारी वाटते. त्याऐवजी पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडावी आणि ती कुठून गळते ते ऐकावे. मागचा ब्रेक दाबून गाडी गिअरमध्ये ठेवा, नाहीतर हवेच्या दाबाने क्रँक फिरेल. इनटेककडून फुसफुस आली तर आधी इनटेकची सीट घासून घ्या. गळक्या व्हॉल्व्हवर नवा कॅम बसवून ओढ वाढत नाही.

वैनगंगा_पवनी (भंडारा जिल्हा)

सापनकाठ भाऊ, कॅम बसवताना लोबवर आणि टॅपेटवर असेंब्लीचे ल्यूब (जोडणीच्या वेळी लावायचे वंगण) न चुकता लावून घ्या आणि पहिले ऑइल ५०० किलोमीटरवर बदला. ते ऑइल पांढऱ्या कापडातून गाळून पाहा. मी ते केले असते तर माझे नुकसान बरेच आधी लक्षात आले असते.

सापनकाठ (अचलपूर तालुका)

आज मिस्त्रींना हे सर्व वाचून दाखवले. त्यांनी मोकळेपणाने सांगितले की अंशांची चकती त्यांनी कधी वापरलेली नाही, पण शिकायची त्यांची तयारी आहे. मुलाच्या कंपास पेटीतला कोनमापक मोठा करून, जाड पत्र्यावर छापून, आम्ही दोघांनी एक चकती तयार केली आहे. डायल गेज परतवाड्याच्या एका खरादीवाल्याकडून दोन दिवसांसाठी मिळणार आहे.

ठरवले असे आहे की आधी हवा सोडून इनटेकची गळती तपासायची, मग जुना इनटेक कॅम मोजायचा, आणि मोजलेला आकडा विक्रेत्याच्या कागदाशी जुळला तरच नवीन मागवायचा. एक्झॉस्टला हात लावणार नाही, स्प्रिंगा मूळच्याच राहतील. बाग पाण्यावर असल्यामुळे या आठवड्यात गाडी उघडून ठेवता येणार नाही. पुढच्या आठवड्यात वीज दिवसा आहे, तेव्हा काम काढतो. दोन्ही कॅमचे आकडे हाती आले की इथेच लिहीन.